प्रत्येक गाडीला अलार्म सक्तीचा करण्याच्या प्रस्तावाबाबत हरकत व सूचना

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)

विषय: वाहनचोरी रोखण्यासाठी चारचाकींना अलार्म सक्तीचा करण्याचा प्रस्ताव

महोदय,

नोटीस बोर्डावरच्या परिपत्रकानुसार प्रत्येक चारचाकीला अलार्म बसवण्याचा आणि तो एकाच विक्रेत्याकडून घाऊक दरात घेण्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. चोरी रोखण्याच्या हेतूला कोणाचीच हरकत नसावी. निवडलेले साधन मात्र चुकीचे आहे. ते का, हे सभेआधी समितीच्या कानावर घालावे म्हणून हे पत्र.

अलार्म गाडी अडवत नाही, नुसता ओरडतो. ते ऐकून कोणी उठून येणार असेल तरच त्याचा उपयोग. आपल्या स्टिल्टमध्ये (इमारतीखालच्या खांबांवरच्या पार्किंगमध्ये) स्लॅब आणि खांबांवरून आवाज इतका घुमतो की नेमकी कोणती गाडी वाजते आहे हे खाली उभ्या वॉचमनलाही चटकन कळत नाही. मालक सतराव्या मजल्यावर एसी लावून झोपलेला असतो. ज्यांना ऐकू जाते ते खिडकी लावून घेतात, कारण आजवर वाजलेल्या अलार्ममागे बहुतेक वेळा मांजर किंवा फटाकाच निघाला आहे.

हे खोटे वाजणे टाळता येत नाही का? थोडेफार येते. बाहेरून बसवलेल्या अलार्मचा शॉक सेन्सर म्हणजे डॅशबोर्डखाली लावलेली छोटी डबी. तिच्यावर संवेदनशीलता कमीजास्त करायचा स्क्रू असतो. बसवणारा तो मुद्दाम चढा ठेवतो, म्हणजे काचेवर टिचकी मारली की वाजून दाखवता येते आणि गिऱ्हाईक खूश होते. मग बुलेट शेजारून गेली, विसर्जनाचा ढोल गेटपाशी आला, स्टॅक पार्किंगचा (गाड्या एकावर एक ठेवणाऱ्या यंत्राचा) पॅलेट हलला की वाजलाच. स्क्रू उतरवला तर मागच्या दाराची छोटी काच फोडली तरी तो गप्प राहू शकतो. बॉनेटखालच्या पिन स्विचचे दुखणे वेगळे: खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे तो गंजतो, संपर्क येतो-जातो आणि यंत्राला वाटते बॉनेट उघडले. तिसरे कारण बॅटरी. अलार्म आणि गाडीतली इतर यंत्रे मिळून 50 मिलिअँपिअर ओढत असतील तर दिवसाला 1.2 अँपिअर-तास जातात. लहान गाडीची 35 अँपिअर-तासांची बॅटरी दोन आठवड्यांत अर्ध्यावर येते. मालक मे महिन्यात गावाला, इथे व्होल्टेज उतरले, आणि स्वतःची बॅटरी असलेल्या सायरनला वाटते कोणीतरी वायर कापली. रहिवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे आणि हे सायरन जवळून 110 च्या आसपास वाजतात. सक्ती केली तर पुढच्या तक्रारी समितीच्याच दारात येतील.

कंपनीतून बसून आलेले अलार्मही अनेकदा फक्त दारे, बॉनेट आणि डिकीवर लक्ष ठेवतात. काच फोडून हात आत घातला तर दार उघडेपर्यंत काही होत नाही. उघडल्यावर साधारण अर्धा मिनिट हॉर्न वाजतो आणि थांबतो.

आता चोर गाडी नेतो कशी ते पाहू. पहिला मार्ग खऱ्या किंवा डुप्लिकेट चावीचा. दुसरा, काच फोडून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (मेकॅनिक गाडीतले दोष तपासायला वापरतो त्या जोडणीला) यंत्र जोडायचे आणि कोऱ्या चावीची नोंद करून घ्यायची. तिसरा, इंजिनचा ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणकच बदलायचा. चौथा, सरळ टो करायचे. पहिल्यात अलार्म वाजतच नाही. बाकीच्यांत वाजला तरी चोराला अडवणारे काही नसते, आणि इथून माजिवड्याला नाशिक हायवे किंवा गायमुखच्या बाजूने अहमदाबाद हायवे गाठायला रात्री फार वेळ लागत नाही.

चोरी खरोखर कमी झाली ती इमोबिलायझरमुळे. चावीत चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही. युरोपीय संघाने 1998 पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा केला. त्यानंतर नेदरलँड्समध्ये झालेल्या अभ्यासात चोरी सरासरी 40 टक्क्यांच्या आसपास घटल्याचे दिसले. उलट उदाहरण अमेरिकेचे: तिथे ह्युंदाई आणि किआच्या अनेक मॉडेलमध्ये इमोबिलायझर नव्हता आणि 2021-22 च्या सुमारास नेमक्या त्याच गाड्यांच्या चोऱ्यांचे पेव फुटले. आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांत तो असतोच. गाडी बंद केल्यावर डॅशबोर्डवर चावीचे किंवा कुलपाचे लाल चिन्ह लुकलुकते का, हे मालकाने पाहावे आणि मॅन्युअलमध्ये खात्री करून घ्यावी.

जुन्या गाडीत इमोबिलायझर नसेल तर फ्युएल पंपाला लपवलेला स्विच लावता येतो. तो पंपाच्या मुख्य वायरवर न लावता रिलेच्या (पंपाचा करंट चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या) कॉइलच्या वायरवर लावावा. कॉइलमधून अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी करंट जातो, त्यामुळे छोटा स्विच पुरतो आणि वायर तापत नाही. जोड सोल्डर करून घ्यावा. नुसती पीळ मारून टेप गुंडाळलेली वायर सुटली तर गाडी पातलीपाड्याच्या पुलावरच बंद पडेल. गाडी वॉरंटीत असेल तर कुठल्याही बाहेरच्या वायरिंगच्या वाटेला जाऊ नये. अलार्मलाही हेच लागू आहे.

त्याच्या जोडीला यांत्रिक कुलूप. मला गिअर लॉक सर्वांत भरवशाचा वाटतो: पोलादी घर फ्लोअरला बोल्टने जखडलेले असते, आणि चावी नसेल तर गिअर पडत नाही. स्टिअरिंगला लावायचा दांडा स्वस्त आहे, पण स्टिअरिंगची रिंगच कापली की निघतो. तरी बाहेरून दिसतो, हा त्याचा गुण. ओबीडी सॉकेटवर बसणारे धातूचे कुलूप मिळते. बटण स्टार्ट गाडीवाल्यांनी चावी दाराजवळच्या शू-रॅकवर न ठेवता घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावी, म्हणजे तिचा सिग्नल बाहेर झिरपून तो पकडून गाडीपर्यंत पोचवणाऱ्या चोराच्या रिले यंत्राच्या हाती लागत नाही. विम्यात पूर्वापार चालत आलेली सवलत एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेल्या अँटी-थेफ्ट साधनाला ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या) प्रीमियमच्या 2.5 टक्के, तीही जास्तीत जास्त 500 रुपये. विक्रेता "इन्शुरन्स स्वस्त होतो" म्हणतो तो एवढाच.

सोसायटीचा पैसा कुठे लागला पाहिजे, यावर माझे मत स्पष्ट आहे: चावी आणि गेट.

स्टॅक पार्किंगमुळे कितीतरी गाड्यांच्या चाव्या सिक्युरिटी केबिनच्या खिळ्यांवर लटकतात, वर फ्लॅट नंबरची पट्टी चिकटवून. गाडी धुणारी मुले त्या स्वतःच काढून घेतात. एवढी सोय चोराला दुसरीकडे मिळणार नाही. कुलपाची की-कॅबिनेट आणावी, चावीवर फ्लॅट नंबरऐवजी क्रमांक असावा, देण्या-घेण्याची वेळ आणि सही रजिस्टरात व्हावी. चोरीच्या दाव्यात विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. एक केबिनमधून गहाळ झालेली असेल तर मालकाचा दावा लटकतो, आणि मग वाद सोसायटीशी होतो.

गेटवर आपण आत येणाऱ्याला दहा प्रश्न विचारतो. बाहेर जाणाऱ्याला मात्र लूपवर (जमिनीत पुरलेल्या तारेच्या सेन्सरवर) चाक आले की बॅरिअर आपोआप उघडतो. रात्री 12 ते 5 बाहेरचा बॅरिअर हाताने उघडावा, आणि चालक ओळखीचा नसेल तर इंटरकॉमवर फ्लॅटला विचारल्याशिवाय गाडी सोडू नये. टो-व्हॅनसाठी तर हा नियम चोवीस तास हवा.

गेटचा कॅमेरा दहा-बारा फुटांवर आहे, त्यात गाडीचे छत छान दिसते. नंबर प्लेटसाठी वेगळा कॅमेरा साधारण चार फुटांवर, थोडा तिरका लावावा आणि त्याचा शटर वेग वाढवून घ्यावा. नाहीतर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) प्लेटवरून कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड उजेड परततो आणि रात्री नंबराच्या जागी पांढरा चौकोन उरतो. रेकॉर्डिंगचा हिशोबही करून घ्यावा: 16 कॅमेरे प्रत्येकी 2 एमबीपीएसने चालले तर दिवसाला सुमारे 345 जीबी लागतात, म्हणजे 4 टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते आणि जुने पुसले जाते. गणपतीला कोकणात गेलेला सभासद पंधरवड्याने परत आल्यावर काय बघणार? महिनाभरासाठी 10 टीबीहून थोडे जास्त लागेल. डीव्हीआरचे (कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या यंत्राचे) घड्याळही महिन्यातून एकदा जुळवावे.

परिपत्रकात दुचाकींचा उल्लेखच नाही, आणि सर्वांत सहज त्याच जातात. हँडल लॉकची पिन बारीक असते. हँडलला जोरात हिसडा दिला की ती तुटते, मग इग्निशनच्या वायर जोडल्या की झाले. डिस्क लॉक असला तरी दोघे मिळून स्कूटर उचलून टेम्पोत टाकतात. दुचाकीच्या रांगेत जमिनीत काँक्रीटमध्ये पक्के केलेले लोखंडी कडे प्रत्येक जागेला एक द्यावे, म्हणजे मागच्या चाकातून साखळी ओवून तिला बांधता येईल. घाऊक दरात काही घ्यायचेच असेल तर हे घ्यावे.

ज्यांच्या गाडीत अलार्म आहे त्यांनी तो काढावा असे माझे म्हणणे नाही. त्यांचा मोबाइल नंबर पार्किंग क्रमांकासह केबिनमध्ये असावा. अलार्म वाजला की वॉचमनने आधी गाडीपाशी जाऊन काच आणि दारे पाहावीत, मग फोन करावा. फोडाफोड दिसली तर 112 लावून बाहेरचा बॅरिअर बंद ठेवावा.

सभेच्या विषयपत्रिकेत "अलार्म सक्ती" ऐवजी पुढील ठराव मांडावा, ही विनंती: "की-कॅबिनेट, गेटवर नंबर प्लेटचा कॅमेरा, 30 दिवसांचे रेकॉर्डिंग आणि दुचाकींसाठी साखळीची कडी यांसाठी तीन कोटेशन मागवावीत. रात्री 12 ते 5 बाहेर जाणाऱ्या वाहनांची तपासणी सिक्युरिटी एजन्सीच्या करारात घालावी." कोटेशन तपासायला आणि कॅमेऱ्याची जागा ठरवायला रविवारी सकाळी मी हजर राहू शकतो.

आपला,
सभासद, बी विंग