राख दारात, मुरूम रानात

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

१९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्याकडं मातीच्या घराची भीतीच बसली, वडिलांनी पुढच्याच वर्षी माळवद (मातीचं जड छत) उतरवून पत्रे टाकले. माणसं गेली ती आतले-बाहेरचे थर सांधणारे लांब दगड न घातलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरचं ओझं कोसळून, पण नाव खराब झालं मातीचं. आता मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही.

मी दक्षिण सोलापुरात छोटी बांधकामं घेतो, म्हणून राख न् मुरमाच्या जिओपॉलिमर ब्लॉकबद्दल लिहितोय. फताटेवाडीला एनटीपीसीचा कोळशावरचा १३२० मेगावॅटचा वीज प्लांट आहे, आपल्या देशी कोळशात राखच ३०-४० टक्के, त्यामुळं राखेला तोटा नाही. राखेच्या विटा सगळ्यांना माहितीयत पण त्यात सिमेंट नाहीतर चुना लागतो. जिओपॉलिमरचं वेगळंय, कॉस्टिक सोडा आणि सोडियम सिलिकेटच्या पाण्यात राखेतली सिलिका न् अ‍ॅल्युमिना विरघळते आणि परत जुळून घट्ट जाळं होतं, ते मातीचे कण धरून ठेवतं. मुरूम, राख, हे पाणी, प्रेसमध्ये दाबला की ब्लॉक, भट्टी नको. नुसत्या राखेच्या जोरावरचा ब्लॉक थंडीत लवकर धरत नाही, लॅबमध्ये ६०-८० डिग्रीत ठेवतात, पण आपल्याकडचं ऊन बघता काळ्या ताडपत्रीखाली झाकून ठेवले तर बरंच काम उन्हातच होईल असं मला मनापासून वाटतं.

काळी माती मात्र नको, ती पावसात फुगते न् उन्हात भेगाळते. सोडा जास्त झाला तर भिंतीवर पांढरा खार फुटतो. आणि कॉस्टिक कातडी जाळतो, डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळं हातमोजे-चष्म्याशिवाय कामगाराला त्याजवळ उभं करूच नये, अंगणात पोराबाळांत तर अजिबात नाही. ब्लॉक कुठलाही असो, भूकंपासाठी लिंटेल बँड (दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा) लागतोच, तिथं पैसे वाचवू नका.

केंद्राच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेत औष्णिक केंद्रापासून ३०० किमीच्या आतल्या बांधकामात राखेचा माल वापरायचा नियम आहेच. मग आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजांनी आणि जिल्हा परिषदेनं मिळून यंदा तीन भिंती उभ्या कराव्यात, एक साध्या मातीची, एक सिमेंट मिसळलेल्या मातीची, एक जिओपॉलिमरची, वर छत न टाकता. सप्टेंबरचा परतीचा पाऊस दोन वर्षं अंगावर घेऊ द्या, ब्लॉक दिवसभर पाण्यात बुडवून ओलाच मशीनवर दाबून बघा, आणि आकडे घरकुलवाल्यांना कळतील असे पेपरात छापा. तीनही भिंतींचा मुरूम मी माझ्या खर्चानं आणून टाकतो.

आपला,
एक वाचक, दक्षिण सोलापूर