यंदाचं टाचण

पुणे, १४ जून

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि तुमच्याशी ओरडून बोलणं मला बरं वाटत नाही, म्हणून पत्रच लिहिते. मागच्या रविवारी तुम्ही विचारलंत, "खेळात कसलं एवढं नियोजन? मैदान आहे, पोरं आहेत, खेळवायचं." तेवढ्यात विषय आईच्या गुडघ्यावर गेला आणि उत्तर राहून गेलं.

मी शिकवते त्या चाकांवरच्या हॉकीच्या वर्गात मागच्या वर्षी ८ ते १२ वर्षांची २२ मुलं-मुली होती. रिंक सिमेंटची, पायात चाकांचे स्केट्स. खेळ मात्र बर्फावरच्या हॉकीचा सख्खा भाऊ. तिकडे गोलकीपर धरून सहा जण उतरतात, इकडे पाच. त्यांचा पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चपटी चकती, जाड रबराचा, १७० ग्रॅमच्या आसपास. आमचा त्याहून हलका.

मागचं वर्ष मनाला लागून राहिलंय. पावसाने उघडीप दिली की रोज सराव, रविवारी सामना. मुलं दमलेली दिसत होती, पण स्पर्धा जवळ आली होती आणि मी थांबले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर सात जण परत आलीच नाहीत. त्यातल्या एका मुलीच्या घरी गेले. ती खाली मान घालून म्हणाली, "ताई, माझा नंबरच येत नव्हता."

दुसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून एकाच मुलावर नजर ठेवली. तासाभरात पक त्याच्या स्टिकला जेमतेम दीड मिनिट लागला. बाकीचा वेळ तो रांगेत उभा होता, नाहीतर माझं बोलणं ऐकत होता.

मग संक्रांतीला घरी आले, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत तुमची शाळेतली टाचणवही सापडली, उद्या वर्गात काय शिकवायचं ते लिहायची. लहानपणी रात्री कंदिलाशी बसून तुम्ही ती लिहायचात आणि मला गोष्ट सांगायचं राहून जायचं, म्हणून त्या वहीवर माझा राग होता. आता पहिल्यांदा वाचली. घटक, उद्दिष्ट, साहित्य, आणि शेवटच्या रकान्यात पेन्सिलीने शेरा. एका पानावर होतं : "अपूर्णांक. मागची दोन बाकं हरवली. उद्या पुन्हा, भाकरी घेऊन." बाबा, ते पान मी तीनदा वाचलं. मी वर्षभर काय काय शिकवायचं ते लिहीत होते. कोण हरवलं ते एकदाही लिहिलं नव्हतं.

आता माझ्या वहीतही तो रकाना आहे. सराव संपला की रिंकच्या कठड्यावर बसून आधी शेरा लिहिते, मगच गाडीला किल्ली लावते. "उलटं स्केटिंग : चौघांना डावीकडे वळता येत नाही." "आज सगळी चिडलेली, शाळेत चाचणी होती." दुसऱ्या दिवसाचा सराव त्या ओळीतून निघतो.

रांगा तर बंदच केल्या. अमेरिकेच्या हॉकी संघटनेने २००९ मध्ये लहान मुलांसाठी नवी पद्धत आणली. अगदी लहानांना पूर्ण रिंकवर पळवायचं नाही. रिंकचे आडवे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यात वेगळं काम द्यायचं. मी आमच्या रिंकचे खडूने चार भाग केले. एकात तोल, एकात पास, एकात गोलवर मारणं, चौथ्यात दोघांविरुद्ध दोघं असा छोटा सामना. दर दहा मिनिटांनी शिट्टी आणि जागाबदल. एका भागात मोजकीच मुलं, त्यामुळे कुणी उभं राहतच नाही. सुट्टीत पालक विचारतात, सामने कधी? मी सांगते, एका सामन्यामागे निदान तीन सराव. काहींना हे पटत नाही. पटेल.

आई, वर्षाची आखणी मात्र तुझ्याकडून घेतली. कुरडया कोणत्या दिवशी घालायच्या हे ठरलं की तू मागे मोजत यायचीस. गहू तीन दिवस भिजणार, रोज पाणी बदलणार, म्हणजे सोमवारी भिजत घालायला हवेत. मीही शेवटापासून मागे आले. मोठ्या चार मुलींना जानेवारीत लेहला न्यायचं आहे, खऱ्या बर्फावर. डिसेंबरच्या अखेरीस तिथली तळी गोठतात. शाळांची स्नेहसंमेलनं तोवर आटपलेली असतात आणि परीक्षा लांब असते. तेवढीच फट मिळते. चाकं सिमेंट धरून ठेवतात, बर्फावर पातं आडवं घासून थांबता येतं. ते थांबणं मुलींना नव्याने शिकावं लागेल, म्हणून नोव्हेंबरभर एका पायावरचा तोल. ऑक्टोबर सहामाहीचा, आठवड्याला दोनच दिवस. जून ते ऑगस्ट ओल्या सिमेंटवर चाकं घसरतात आणि बेअरिंग गंजतात, म्हणून शाळेच्या हॉलमध्ये बूट घालून स्टिक आणि चेंडू.

थंडीची काळजी करू नकोस. रात्री पारा उणे पंधराच्याही खाली जातो हे खरं, पण मला जास्त धाक उंचीचा आहे. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. पहिले दोन दिवस स्केट्स पिशवीतच राहतील, हे मी वहीत आत्ताच लिहून ठेवलंय. पालकांनी होकार दिला नाही, तर जाणार नाही. पण मुलींनी २०२५ मध्ये भारताच्या महिला संघाने बर्फावरच्या हॉकीच्या आशिया चषकात कांस्यपदक घेतल्याचं ऐकलंय. त्या संघात बहुतेक लडाखच्या मुली होत्या. तेव्हापासून आमच्या मुली रोज विचारतात, ताई, तिथे त्या भेटतील का?

आणखी एक. यंदा पहिल्यांदाच मी आराखड्यात सुट्टी लिहिली आहे. गणपतीचे दहा दिवस सराव नाही. निम्मी मुलं गावाला जातात आणि उरलेली मंडळाच्या मांडवात असतात. मागच्या वर्षी मी तरीही रिंक उघडी ठेवली होती आणि गौरींना आले नव्हते. आई, तू तेव्हा काही बोलली नाहीस. नैवेद्याचं ताट झाकून ठेवलं होतंस, हे मला नंतर काकूकडून कळलं.

हरतालिकेच्या आदल्या रात्रीच्या एसटीने निघते. सकाळी फाट्यावर कुणाला पाठवू नका, मी चालत येईन. आई, फुलोऱ्याच्या करंज्या मी आल्यावरच करायला घे, एकटी बसू नकोस. गुडघ्याचं तेल इथून आणते. बाबा, माझी वही घेऊन येते. शेवटच्या रकान्यासाठी तुमची पेन्सिल तासून ठेवा.

तुमची
सुमी