चि. सुजितला, रविवारच्या आधी

कोल्हापूर

चि. सुजित,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, पोरांना मी काय शिकवणार? त्यांच्या आईबापांनी माझं नाव जरी काढलं तरी सगळं बाहेर येईल." आणि फोन ठेवलास. बारा वर्षांखालच्या पोरांना तू फुटबॉल शिकवावंस, असं मंडळातल्या वडीलधाऱ्यांनी स्वतःहून घरी येऊन सांगितलं, त्या दिवशी तुझ्या आईने देवापुढे साखर ठेवली होती. तुझं उत्तर मी तिला अजून सांगितलेलं नाही. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

तुला डंकन फर्ग्युसनची गोष्ट सांगायची आहे. मँचेस्टरचे सर ॲलेक्स नव्हेत, हा इंग्लंडच्या एव्हर्टन क्लबचा उंचापुरा सेंटर फॉरवर्ड. मैदानातल्या मारामारीची तुझी केस चालू होती तेव्हा रात्र रात्र झोप लागायची नाही. मोबाईलवर शोधायचो, खेळाच्या मैदानातून पोलिसांच्या ताब्यात गेलेल्या पोरांचं पुढं काय होतं. त्यात हा सापडला.

1993 मध्ये ग्लासगोच्या रेंजर्सने त्याला डंडी युनायटेडकडून 40 लाख पौंडांना घेतलं. ब्रिटनमध्ये तोवर एवढी किंमत कुणालाच मिळाली नव्हती. वय एकवीस. 16 एप्रिल 1994 ला रेंजर्सच्या आयब्रॉक्स मैदानावर रेथ रोव्हर्सशी मॅच होती. त्यांच्या जॉन मॅकस्टेशी तो भिडला आणि त्याच्या तोंडावर डोकं हाणलं. रेफरीने कार्डसुद्धा काढलं नाही. मॅच पुढे चालू. आपल्याकडे म्हणतात ना, मैदानातलं मैदानात राहिलं पाहिजे, तसं राहिलं असतं. पण कॅमेऱ्याने टिपलं होतं. स्कॉटलंडच्या संघटनेने बारा मॅचची बंदी घातली आणि वर फौजदारी खटलाही उभा राहिला. मारामारीचे तीन गुन्हे त्याच्यावर आधीच शाबीत झालेले होते. डोकं मारलं तेव्हा तो प्रोबेशनवर होता, सुजित. म्हणजे चांगल्या वागणुकीच्या ज्या बाँडवर तू आज आहेस, जवळपास तसाच. हे वाचलं त्या रात्री मी उठून पाणी प्यालो होतो.

तोवर तो रेंजर्स सोडून एव्हर्टनला गेला होता. मे 1995 मध्ये त्यांच्याकडून इंग्लंडच्या एफए कपची फायनल तो खेळला, जिंकला, आणि त्याच महिन्यात तीन महिन्यांची शिक्षा लागली. अपील फेटाळलं गेलं. ऑक्टोबरात ग्लासगोच्या बार्लिनी तुरुंगात गेला, 44 दिवस काढले. सुटून आल्यावर एव्हर्टनच्या राखीव संघाकडून उतरला, तर तेवढ्यासाठी दहा हजारांवर माणसं जमली.

त्या दहा हजारांचं मला कौतुक वाटत नाही. दोन रात्री कोठडीत काढून तू आलास तेव्हा गल्लीत फटाक्याची माळ लावली होती, तुला खांद्यावर घेतलं होतं. मी दार लावून घेतलं म्हणून तू रागावलास. त्या पोराच्या नाकातून आलेलं रक्त तुझ्या जर्सीवर होतं, छातीवर, नंबराच्या बाजूला. तुझ्या आईने ती जर्सी तीन वेळा भिजवली आणि शेवटी बादलीतच ठेवून दिली. फटाके वाजत होते आणि मोरीत ती बादली होती.

फर्ग्युसनलाही तुरुंगाने आणि गर्दीने सुधारलं असं नाही. पुढे प्रीमियर लीगमध्येच त्याने आठ लाल कार्डं घेतली. संघटनेने केलेल्या शिक्षेचा राग मनात धरून स्कॉटलंडकडून खेळणंच सोडलं, सात सामन्यांवर थांबला. एवढा गुणी खेळाडू, आणि सात सामने! तो राग मला तुझ्यात दिसतो. "आता कधीच बूट घालणार नाही" म्हणून तू पुण्याला निघून गेलास, तो पश्चात्ताप होता असं तुला वाटतं. मला तो रुसवा वाटतो.

मला थांबायला लावलं ते त्याच्या पुढच्या आयुष्याने. 2006 मध्ये खेळणं संपल्यावर तो स्पेनच्या मायोर्का बेटावर जाऊन राहिला. घर, बायको, मुलं, ऊन. पेपरवाल्यांशी तर आधीपासूनच बोलत नव्हता. पाच वर्षं अशी गेली. आणि 2011 मध्ये तो आपणहून परत आला, एव्हर्टनचे मॅनेजर डेव्हिड मोयेस यांना भेटला आणि म्हणाला, अकादमीतल्या पोरांबरोबर काम करू द्या. आमंत्रण नव्हतं. पहिल्या संघाचं काम मागितलं नाही, पोरांचं मागितलं. ज्याच्या नावापुढे पेपरात दर वेळी तुरुंग छापून यायचा तो माणूस थंडीत एव्हर्टनच्या फिंच फार्म या सरावाच्या मैदानावर शंकू मांडत असेल, ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या पोरांनाही आईबाप होते. त्यांनीही नाव विचारलं असेल.

2014 मध्ये त्याला पहिल्या संघाच्या कोचमंडळात घेतलं. डिसेंबर 2019 मध्ये संघ खाली घसरला, मॅनेजरला काढलं आणि चार सामन्यांपुरती सूत्रं याच्याकडे आली. पहिलीच मॅच चेल्सीशी, एव्हर्टनने 3-1 ने जिंकली. गोल झाला की हा भलामोठा गडी साइडलाइनवरून धावत सुटायचा आणि बॉल उचलून देणाऱ्या पोरांना मिठीत घ्यायचा. ती क्लिप मी तुला पाठवली होती. तू नुसता अंगठा पाठवलास.

चूकही सांगतो. पुढच्याच आठवड्यात मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर त्याने मोईझ कीन या एकोणीस वर्षांच्या पोराला बदली म्हणून आत घेतलं आणि वीस मिनिटंही होऊ न देता बाहेर काढलं. पोरगं मान खाली घालून आत गेलं. मॅच 1-1 सुटली, पण मी असतो तर त्या पोराला आधी जवळ घेतलं असतं. तू पोरं घेशील तेव्हा एवढं लक्षात ठेव.

मोठा मॅनेजर तो झाला नाही. 2023 मध्ये इंग्लंडच्या फॉरेस्ट ग्रीन क्लबला 18 सामन्यांत एकच विजय मिळवला, संघ खाली गेला, त्याला काढलं. मग स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेस क्लबकडे गेला. तो संघही खालच्या लीगमध्ये गेला आणि ऑक्टोबर 2024 मध्ये क्लबचं दिवाळं वाजायची वेळ आली, त्यात नोकरी गेली. तू त्याच्यासारखा मोठा होशील असं सांगायला मी हे लिहीत नाही. 1994 मधलं ते डोकं मारणं त्याच्या नेमणुकांच्या बातम्यांत येत राहिलं, आणि तो तरीही मैदानावर जात राहिला, एवढंच मला दाखवायचं आहे.

आणि जॉन मॅकस्टे? त्याचं नाव या सगळ्या गोष्टीत एका ओळीपुरतं येतं. मार खाल्ला, संपलं. मला ते फार लागलं, कारण आपल्या घरातही तसंच झालंय. दोन वर्षं आपण तुझ्या केसबद्दल, तुझ्या बाँडबद्दल, तुझ्या नोकरीच्या पोलीस व्हेरिफिकेशनबद्दल बोलतोय. त्या पोराचं नाव घरात कुणी घेत नाही. मी मागच्या महिन्यात त्यांच्या घरी जाऊन आलो. तुला सांगितलं नव्हतं. त्याच्या आईने चहा दिला. नाक जरा वाकडं राहिलंय, खेळतो मात्र अजून. त्याने विचारलं, "सुजितदादा खेळत नाही का आता?" मला उत्तर देता आलं नाही.

कोच व्हायला लागणाऱ्या डी लायसन्सच्या कोर्सची माहिती काढून ठेवली आहे, फी मी भरतो. पोरांच्या आईबापांची बैठक रविवारी सकाळी आहे. केसचं तूच सांग, पहिल्यांदा, कुणी विचारायच्या आत. ज्यांना पोरगं पाठवायचं नाही त्यांना तो हक्क आहे.

पण त्याआधी शनिवारच्या गाडीने ये. स्टँडवर मी असेन. तिथून सरळ त्या पोराच्या घरी जाऊ. मी गल्लीच्या तोंडाशी थांबेन, आत तू एकट्याने जा.

तुझे,
बाबा