अंगावर येणाऱ्या कादंबरीबद्दल

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

‘क्राइम अँड पनिशमेंट’ पुढे वाचवत नाही, सोडवतही नाही आणि मेसमध्ये घास घशाखाली उतरत नाही, असं तू आईला सांगितलंस. आई म्हणते, दे सोडून. मी म्हणतो, सोडू नकोस, वाचायची रीत बदल.

तुझी पहिली अडचण वेगाची आहे. दस्तयेवस्कीची ही कादंबरी १८६६ साली एका रशियन मासिकात वर्षभर क्रमशः येत होती. पुढचा अंक हातात पडेपर्यंत त्या वाचकाला थांबावंच लागायचं, तेवढ्यात त्याचे नेहमीचे व्यवहार चालू राहायचे. तू अख्ख्या पहिल्या भागाचा दोन रात्रींत फडशा पाडलास. त्या सात प्रकरणांत काय काय भरलंय बघ: दुसऱ्यात दारुड्या मार्मेलादोवची गुत्त्यातली कैफियत, तिसऱ्यात नायक रास्कोल्निकोवला आलेलं आईचं पत्र, पाचव्यात घोडीला मरेस्तोवर मारण्याचं स्वप्न, सातव्यात त्याच नायकाने कुऱ्हाडीने केलेला खून. सलग वाचलं तर कोणाचंही डोकं सुन्न होईल. दिवसाला एक प्रकरण पुरे, फार तर दोन. पाचव्या आणि सातव्यासारखं प्रकरण झालं की त्या दिवशी पुस्तक मिटायचं.

आणि मिटायचं तर कुठे, हेही महत्त्वाचं. तू नेमकी खुनावर थांबलीस, ही सगळ्यात वाईट जागा. मन त्याच खोलीत कोंडून राहतं. दुसऱ्या भागाच्या तिसऱ्या प्रकरणापर्यंत नेट लावून जा. तिथे रझुमीखिन आपल्या आजारी मित्रासाठी, रास्कोल्निकोवसाठी, जुन्या बाजारातून टोपी, विजार, बूट घेऊन येतो आणि एकेक वस्तू दाखवत भावासकट तिचं कौतुक सांगत बसतो. रास्कोल्निकोव त्या गडबडीला वैतागतो. तुला मात्र हसू येईल, आणि ते यावं म्हणूनच लेखकाने हा गडी तिथे आणलाय. मोठ्या लेखकांच्या काळोख्या पुस्तकांत अशा जागा बहुधा असतात. पेन्सिलीने समासात खूण करून ठेव. पुढे जड झालं की तेवढं पान पुन्हा वाचायचं.

रात्री अंथरुणात हे पुस्तक नकोच. झोपण्याआधी निदान तासभर ते बाजूला ठेव. मिटल्या मिटल्या मोबाईल हातात घेऊ नकोस. त्याने वाचलेलं जिरत नाही, नुसतं झाकलं जातं आणि पहाटे जाग आली की वर येतं. त्यापेक्षा मैत्रिणीबरोबर कॅम्पसला एक चक्कर मार, बादलीभर कपडे धू. हातांना काम मिळालं की डोक्यातला भुंगा थोडा थांबतो.

रडू येत नाही, नुसतं बधिर वाटतं, मग आपलंच काही बिनसलंय का, असंही तू विचारलंस. नाही. रडू आणणं हे लेखनातलं तसं सोपं काम आहे. नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) आठव. आधी कॉलेज, होस्टेल, मेस, पोरांच्या टवाळक्या. आपण बेसावध हसत असतो. मग देवीच्या आजारात नायक पांडुरंगाची धाकटी बहीण मणी जाते. तिथे वाचकाच्या खांद्यावर कोणी हात ठेवत नाही. वाक्यं तुटत जातात, पांडुरंगाचा संताप कुठेही भरकटतो. अशा लेखनाने माणूस रडत नाही, गप्प होतो, आणि नंतर दोन दिवस कोणी विनोद केला की उगाच चिडतो. एवढं होणं रास्तच आहे. अशी पानं घाईने उलटण्यापेक्षा एकदा मोठ्याने वाच. आवाजात वाचताना वेग आपोआप उतरतो.

काही पुस्तकांत ओझं आपण स्वतः घालतो. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ साली आली. हिटलरच्या जर्मनीतून पळालेले ज्यू त्या कादंबरीतल्या बोटीवर आहेत. युरोपातल्या ज्यूंचं पुढे काय झालं, हे त्या वर्षीच्या वाचकाला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक आहे. ती छोटी कादंबरी म्हणूनच आज जास्त जड जाते. ही मात्र या पुस्तकाच्या पाठोपाठ घेऊ नकोस. मधे काहीतरी प्रवासवर्णन, नाहीतर विनोदी वाच.

आता जरा कठीण बोलतो. वहीत एक वाक्य लिही: ‘मला अमक्यासाठी वाईट वाटतंय, कारण...’ त्या ‘अमक्या’च्या जागी या कादंबरीतली सोन्या किंवा दुन्या आली तर ते पुस्तकाचं दुःख, चार दिवसांत ओसरतं. घरातलं, वर्गातलं किंवा तुझंच नाव आलं तर पुस्तकाने फक्त झाकण उघडलंय. मग पानं मोजण्यात अर्थ नाही, माणसाशी बोलायला हवं. प्रेमभंगाने जीव देणाऱ्या तरुणाची ग्योथेची कादंबरी ‘वेर्थर’ १७७४ साली आली तेव्हा तरुण पोरं त्या नायकासारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालून फिरू लागली. लाइपझिगमध्ये पुस्तकावर आणि त्या पोशाखावरही बंदी आली. पुढच्याच वर्षीच्या आवृत्तीत ग्योथेने नायकाच्या तोंडी वाचकाला बजावलं, की माझ्यामागे येऊ नकोस. पात्राचं दुःख समजणं वेगळं, ते अंगात घालून फिरणं वेगळं.

पुस्तक मिटल्यावरही दोन आठवडे झोप, भूक ताळ्यावर येत नसेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे जायचं. मरणाचे विचार मनात आले तर मात्र दोन आठवडे काय, दोन तासही थांबायचं नाही. मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. आमच्याशी बोलवत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

बाकी इकडे सर्व ठीक. आईचा राग माझ्यावर आहे, तुझ्यावर नाही.

तुझा,
बाबा

ता. क. निम्मा शीण त्या रशियन नावांचा असतो. पुठ्ठ्याची खूणपट्टी कर आणि तिच्यावर लिही: रोद्या म्हणजेच रास्कोल्निकोव, दुन्या म्हणजे त्याची बहीण अवदोत्या रोमानोव्हना, सोन्या म्हणजे मार्मेलादोवची मुलगी सोफ्या सेम्योनोव्हना. नवं नाव आलं की खाली वाढवत जा.