दृष्टांत आणि भीतीचा बाजार

महोदय,

तुळजाभवानीची मूर्ती वर्षातून तीनदा मंचकी निद्रेसाठी पलंगावर निजवली जाते; त्या दिवसांत माझी आजी पहाटेचे स्वप्न कुणालाही सांगण्याआधी देव्हाऱ्यापुढे सांगत असे. अशा स्वप्नाला आपल्याकडे दृष्टांत म्हणतात, आणि ज्यांचे नाव हिंगोलीच्या नरसीशी जोडलेले आहे त्या नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन आपल्याला कवित्व करण्यास सांगितले, असे तुकोबाच सांगतात. (त्या स्वप्नात दक्षिणा कुणी मागितली नव्हती.) याउलट, आमच्या शेजारणीच्या स्वप्नातील सापाचा अर्थ ‘भानामती’ असा लावून एकाने तिच्याकडून उताऱ्याचे पैसे उकळले. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याची माहिती देणारे फलक यात्रास्थळी लावावेत, ही विनंती.

– एक वाचक, धाराशिव