आधी जाळी काढून बघ

फोंडा, गोवा
श्रावण, रविवार रात्री

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास, "आई, भांडी धुवायचं मशीन, डिशवॉशर गेलं. सर्व्हिसवाला चार दिवसांनी येतोय, तोवर चाललंय कसंबसं." मी तेव्हा काही बोलले नाही. मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि फोन तुझ्या हातात होता, म्हणजे घासत कोण होतं ते कळलंच. आठ महिन्यांचं मूल सांभाळून सूनबाई चार दिवस कुकर घासणार आणि तू सर्व्हिसवाल्याची वाट बघणार, याला मी "चाललंय" म्हणत नाही.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हं, हं" करतोस, आणि व्हॉट्सॲपवर पाठवलं तर ते गुड मॉर्निंगच्या फुलांखाली जातं. म्हणून कागद. वाचून झाला की सिंकखालच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटव.

धुणं संपल्यावर तळाला पाणी साचून राहतं, एवढंच तू सांगितलंस. किती, ते नाही सांगितलंस. जाळीखालच्या खळग्यात वाटीभर पाणी असेल तर तो बिघाड नाही. तिथलं रबर सुकू नये म्हणून ते मुद्दामच राहू देतात. पण पाणी जाळीच्या वर येऊन तळ झाकला असेल, त्याला वास येत असेल, तर ते बाहेर जात नाहीये. अशा वेळी दहांतल्या आठ वेळा यंत्र गेलेलं नसतं, वाट बुजलेली असते.

मला हे कोणी शिकवलं नाही. आपल्याकडे यंत्र आलं २०२० साली. लॉकडाऊनमध्ये मावशींना येता येईना आणि माझ्या हाताला चिरा पडल्या, तेव्हा तूच हट्टाने घ्यायला लावलंस. बाबा म्हणाले होते, "पाखल्यांच्या, गोऱ्यांच्या बशांसाठीचं यंत्र हे. आपल्या कढईला ते काय करणार?" त्या गणेश चवथीला दुसऱ्याच दिवशी ते पाण्याने भरून उभं राहिलं. घरात माणसं, आदल्या दिवशीचं खतखतं, ढीगभर वाट्या. बाबांचा चेहरा तू बघायला हवा होतास. माणूस आठवड्याने आला, खाली बसला, जाळी फिरवून काढली, आत हात घातला आणि करवंटीचा नखाएवढा कपचा माझ्या तळहातावर ठेवला. आदोळीवर नारळ खवताना उडालेला. चार मिनिटांचं काम, आणि व्हिजिटचे पैसे वेगळे. मी तेव्हाच ठरवलं की ही चार मिनिटं यापुढे माझी.

तर आता उठ. आधी भिंतीवरचं बटण बंद कर आणि यंत्राचा नळ बंद कर. नुकतंच चाललं असेल तर पाणी निवू दे, भाजतं. खालची टोपली बाहेर काढ. साचलेलं पाणी वाटीने आणि स्पंजने उपस. मधला उभा फिल्टर डावीकडे फिरवला की सुटतो, त्याच्याखालची चपटी जाळीही उचलून घे. दोन्ही नळाखाली धरून जुन्या टूथब्रशने घास. तारेचा ब्रश वापरू नकोस, बारीक जाळी फाटते. आपल्या घरच्या जाळीत काय सापडतं ते लिहून ठेवते: नारळाचा चोथा, कढीपत्त्याच्या शिरा, तिरफळाची टरफलं, पेजेची शितं, लिंबाच्या बिया. सध्या श्रावण आहे म्हणून, नाहीतर बांगड्याचे काटे आणि सुंगटांची (कोळंबीची) सालंही असतात.

जाळी निघाल्यावर खाली जो खळगा दिसतो त्यात टॉर्च मार. रबरी हातमोजा घालूनच आत हात घाल, कारण पेल्याची फुटकी काच बहुतेक तिथेच जाऊन बसते. बाजूला पंपावर एक छोटं झाकण असेल, ते बहुतेक यंत्रांत चमच्याच्या दांड्याने उचलून निघतं. पुस्तिकेत चित्र आहे, ते बघ. आतलं चक्र काडीने हलवून बघ. ते अडखळत, हिसके देत फिरेल, त्याला घाबरू नकोस, तसंच असतं. अजिबात हललं नाही तर काहीतरी अडकलंय.

जाळी स्वच्छ, चक्र मोकळं आणि तरीही पाणी साचतं? मग यंत्रातून बाहेर जाणाऱ्या पाईपकडे वळ. यंत्र मागे ढकलताना तो चेपला जातो. शिवाय तो सिंकखाली जोडण्याआधी उंच उचलून बांधलेला असायला हवा, नाहीतर सिंकचं घाण पाणी उलट यंत्रात येतं.

आता माझ्या मनातला संशय सांगते. आज सकाळी सूनबाईशी बोलले. पाणी कधीपासून साचतंय? म्हणाली, मंगळवारपासून. आणि नवीन सिंक कधी बसवलं? सोमवारी. बाबू, नवीन सिंकखालच्या पाईपला डिशवॉशरचा पाईप जोडायला जी आडवी नळी असते, ती कारखान्यातून आतून बंद येते. प्लास्टिकचा पडदा असतो. जोडताना तो कापून किंवा भोक पाडून काढावा लागतो. प्लंबर घाईत असला की राहून जातो. मग पंप घूं घूं करतो, आणि पाणी जायला जागाच नाही. खाली बादली ठेव, क्लिप सैल करून पाईप काढ आणि नळीत टॉर्चने बघ. पडदा दिसला तर सर्व्हिसवाल्याला नको, प्लंबरला बोलाव. त्याचं काम अर्धवट राहिलंय, पैसे देऊ नकोस.

नारळाचं एक लक्षात ठेव. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. आपल्या जेवणात दोन्ही वेळा नारळाचं वाटप, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाईपात आतून पांढरा थर धरतो. मी थंडीत यंत्र लावण्याआधी सिंकचा गरम नळ मिनिटभर सोडते आणि महिन्यातून एकदा रिकामं यंत्र सगळ्यात गरम प्रोग्रामवर चालवते. वास येत असेल तर तोही त्यानेच जातो. दाराच्या खालच्या कडेचं रबर मात्र हाताने पुसावं लागतं, तिथे पाण्याचा फवारा पोचत नाही. तिथली घाण एकदा बघितलीस की मशीन वास का मारतं असं पुन्हा विचारणार नाहीस.

भांडी नीट निघत नाहीत, ही तुझी जुनी तक्रार. मागच्या वेळी तुमच्याकडे आले होते तेव्हा तू यंत्र कसं भरतोस ते बघितलं. वाट्या एकमेकांत रचल्यास तर आत पाणी जाईल कसं? आणि डावाचा दांडा खाली लोंबत होता, त्याला फिरता पंखा अडकून बसला होता. भरून झालं की दोन्ही पंखे बोटाने फिरवून बघायचे, कुठे आपटत नाहीत ना. त्यांच्या भोकांत शितं अडकली तर टूथपिकने काढ. भांडी आधी घासू नकोस, नुसतं खरकटं काढ. पेजेची वाटी मात्र वाळू देऊ नये, ती गोंदासारखी चिकटते. मासळीच्या ताटल्या रात्रभर आत ठेवायच्या असतील तर नुसत्या थंड पाण्याचा छोटा प्रोग्राम लाव. गरम पाण्याने मासळी भांड्यावर शिजून बसते. आणि अर्ध्या तासाचा झटपट प्रोग्राम चहाच्या कपांसाठी आहे, कढईसाठी ७० अंशांचाच लाव. वेळ लागतो, लागू दे, तुला कुठे तिथे उभं राहायचंय?

या कढईवरूनच बाबांना मी एकदा वाचून दाखवलं होतं. हे यंत्र चालेल असं बनवलं ते जोसेफिन कॉक्रेन नावाच्या अमेरिकन बाईने, १८८६ साली तिला पेटंट मिळालं. आधीच्या लोकांनी ब्रश फिरवून बघितले होते, तिने पाण्याच्या जोराने भांडी धुतली. नवरा कर्ज ठेवून गेलेला, तरी १८९३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात तिने आपलं यंत्र मांडलं. बाबा ऐकून गप्प बसले, मग म्हणाले, "बाईनेच शोधलं असणार." कौतुकाने म्हणाले की कसं, ते अजून कळलेलं नाही.

त्यांचाच आणखी एक पराक्रम. गोळ्या संपल्या म्हणून त्यांनी गुपचूप भांडी घासायचं लिक्विड ओतलं. दहा मिनिटांत दारातून फेस, फेसाच्या मागे पाणी, मांजर टेबलावर. यंत्राच्या अगदी तळात एक ट्रे असतो, त्यात पाणी गेलं की तरंगतं बटण उचललं जातं, मग यंत्र नवीन पाणी घेत नाही, नुसतं उपसत राहतं. आम्ही फेसावर मूठभर मीठ टाकून तो बसवला, उपसला, बटण बंद करून दोन दिवस दार उघडं ठेवलं, मग चालू झालं. तू साबण बदलू नकोस. पावडर वापरत असलास तर घट्ट झाकणाच्या बरणीत ठेव, आपल्या पावसात तिचा दगड होतो. गोळी न विरघळता तशीच राहते, तेव्हाही आधी बघ की समोरच्या ताटाने साबणाच्या कप्प्याचं झाकण अडवलं नाही ना.

पेल्यांवर पांढरट येतंय असं सूनबाई म्हणाली, तिला हे वाचून दाखव. पेल्यावर व्हिनेगरचं फडकं फिरवायचं. पांढरं गेलं तर ते क्षार आहेत, म्हणजे यंत्रातलं, पाणी मऊ करणारं मीठ संपलंय. नाही गेलं तर काचच झिजलीय, ती परत येत नाही. आमच्याकडे नळाला ओपाचं पाणी, खांडेपार नदीचं, ते मऊ. मऊ पाण्यात साबण जास्त झाला की काच अशी झिजते, माझे चार पेले तसेच गेले. तुमच्या सोसायटीत नळाचं आणि टँकरचं एकाच टाकीत पडतं, त्यामुळे यंत्रासोबत आलेल्या पट्टीने पाणी किती कठीण आहे ते तपासा आणि यंत्रावर तेवढाच आकडा लावा. मीठ डिशवॉशरचंच हवं. आगरवाड्याहून आणलेलं मिठागराचं मीठ लोणच्याला सोन्यासारखं, पण यंत्रात त्यातला गाळ आणि इतर क्षार जाऊन बसतात. मीठ भरताना सांडलं तर लगेच एक धुणं लाव, स्टीलला डाग पडतात.

भांडी ओली राहतात, यावर माझ्याकडे फार काही नाही. रिन्स एड (भांडी सुकायला मदत करणारं द्रव) भर, धुणं संपलं की दार थोडं उघडं ठेव. प्लास्टिक कधीच सुकत नाही, ते पुसावंच लागतं, आणि आषाढात गोव्यात काय सुकतं?

अॅल्युमिनियमची पातेली काळी पडतात, बिडाचा तवा गंजतो, कल्हईची भांडी आणि मातीचं कुंडलं घालायचं नाही. माझा करवंटीचा दवलो (डाव) तुमच्याकडे आहे, तोही नाही.

यंत्र सुरूच होत नसेल तर लाज न बाळगता आधी नळ, दाराची कडी आणि लहान मुलांचं लॉक बघ. छोटी आता बटणं दाबायला लागलीय. पाणी हळू येत असेल तर नळाजवळ पाईपाच्या तोंडाशी एक बारीक जाळी असते, पावसात ती लाल गाळाने भरते. पण मेन स्विच पडत असेल, जळका वास येत असेल किंवा खालून पाणी झिरपत असेल तर हात लावू नकोस. तिथे माणूसच हवा. मागची पत्र्याची झाकणं खोलायची नाहीत, तुझ्या इंजिनिअरिंगचा मला भरवसा नाही. आणि साफ करताना व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एकत्र करू नकोस, विषारी वायू होतो.

सर्व्हिसवाल्याची वेळ आजच रद्द करू नकोस. आधी जाळी, मग सिंकखालची नळी, आणि काय निघालं त्याचा फोटो पाठव. तोवरची भांडी तू घास.

बाबांचे आशीर्वाद. छोटीला पापा.

तुझी आई

ता. क. सूनबाई म्हणाली की छोटीच्या दुधाच्या बाटलीचं एक निपल आठवडाभर सापडत नाही. ते टोपलीतून खाली पडून पंपाच्या खळग्यात गेलं असण्याची शक्यता सिंकइतकीच आहे. तिथे आधी बघ.