काका, पिशवी परत आणून दिल्याबद्दल

काका, नमस्कार.

तुम्ही गावी गेल्याला सात महिने झाले. हे पत्र तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवायला तुमच्या मुलाला सांगितलंय. आपल्या बिल्डिंगीतल्या सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडच लिहितेय, कारण एक गोष्ट मी आजवर कुणाजवळ बोललेली नाही.

आम्ही रेल्वेलाईनच्या कडेच्या झोपडीतून गोवंडीला, नटवर पारेख कंपाऊंडमध्ये आलो, तेव्हा २२५ फुटांची का असेना, पक्की खोली मिळाली म्हणून आईने पेढे वाटले होते. खिडकी उघडली की समोरच्याची खिडकी, हे कळायला दोन दिवस लागले. पुनर्वसनाच्या इमारतींना तेव्हा तीन मीटरचं अंतर नियमाने चालायचं म्हणे. त्या तीन मीटरच्या बोळात वरून सात मजल्यांचा कचरा पडायचा. वास आणि डास, म्हणून खिडक्या बंद. मग माझ्या धाकट्या भावाला टीबी झाला. डॉक्टरबाई म्हणाल्या, खोलीत हवा खेळती ठेवा. आम्ही मान डोलावली आणि घरी येऊन खिडकी बंदच ठेवली. २०१८च्या सुमारास डॉक्टरांनी इथे आणि मानखुर्दच्या अशाच लल्लूभाई कंपाऊंडमध्ये पाहणी केली, त्यात ऊन-वारा न मिळणाऱ्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त, असंच निघालं.

तुम्ही तेव्हा नुकतेच महापालिकेच्या बागेतल्या नोकरीतून रिटायर झाला होता. बोळात बाग करायची म्हणालात तेव्हा आम्ही हसलो. तुम्ही रोप आणलं नाहीत, फावडंही नाही. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन रात्री आठ ते दहा बोळाच्या तोंडाशी बसायला लागलात. पिशवी पडली की उघडायची, आत लाईटबिल, कुरिअरचं पाकीट, पोराची वही असं काही सापडतंय का बघायचं आणि त्या दारावर जाऊन पिशवी परत द्यायची.

चौथ्या दिवशी आमच्या दाराची कडी वाजली. पिशवीत कोलंबीची सालं होती आणि वर माझं लाईटबिल. तुम्ही म्हणालात, "ताई, तुमचं खाली पडलं होतं." चेहऱ्यावर राग नाही, टोमणा नाही. आई आतून विचारत होती, कोण आलंय? मी म्हटलं, कुणी नाही. काका, सोसायटीच्या मीटिंगमध्ये "लोकांना अक्कल नाही" असं सगळ्यात मोठ्याने म्हणणारी मीच होते.

दोन महिन्यांत बोळ मोकळा झाला. मग तुम्ही खडूने भिंतीवर उन्हाच्या खुणा करायला बसलात. ऊन साडेअकराला उतरायचं आणि एकच्या आत निघून जायचं. मला वाटलं, झालं, संपलं. तुम्ही म्हणालात, दीड तास म्हणजे अळू, हळद आणि पानवेल आरामात. शेवगा आणि करंज बोळाच्या तोंडाशी. खणलं तर हातभर खाली नुसतं डेब्रिस, म्हणजे बांधकामाचा मलबा. पोरांनी ते घमेल्यांनी काढलं. निळ्या पिंपात ओला कचरा, सुका पाला आणि आंबट ताक घालून तुम्ही खत करायला शिकवलंत; त्यात अळ्या झाल्या म्हणून मी ओरडले, ते आठवून अजून लाज वाटते.

एकदा तुम्ही पोरांना माहीमच्या निसर्ग उद्यानात नेलंत. धारावीला लागून ३७ एकर, आणि पूर्वी तिथे कचऱ्याचं डम्पिंग होतं. माझा मुलगा घरी येऊन म्हणाला, मग देवनारचं पण होईल? देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतोय. २०१६च्या जानेवारीत तिथे आग लागली, तेव्हा धूर उपग्रहातून दिसला आणि शाळांना सुट्टी द्यावी लागली. २००९च्या मानव विकास अहवालात मुंबईच्या २४ वॉर्डांमध्ये आपला एम-पूर्व वॉर्ड सगळ्यांत खाली होता. शहराने आमच्याकडे टाकलेली पिशवी कोण कुणाच्या दारात नेऊन देणार, हा माझा राग तुम्हाला माहीत आहे. तुम्ही एवढंच म्हणायचात, "आधी आपली उचलू, मग ओरडायला तोंड राहतं." हे मला पूर्ण पटलेलं नाही, अजूनही. पण वॉर्ड ऑफिसात डेब्रिस उचलून न्यायचा अर्ज घेऊन गेलो तेव्हा बोळाचे फोटो हातात होते, ते कामी आले.

भाऊ बरा आहे. गोळ्यांचा कोर्स केव्हाच संपला, आता रिक्षा चालवतो. यंदा श्रावणात तळमजल्यापासून सातव्यापर्यंत अळूचं फदफदं झालं. रात्री पिशव्या अजून पडतात, महिन्याला दोन-चार. तुमच्या खुर्चीवर आता तिसऱ्या मजल्यावरच्या खालाजान बसतात. त्या तुमच्याइतक्या गोड बोलत नाहीत.

आत्ता लिहिताना खिडकी उघडी आहे. डम्पिंगवरून धुराचा वास आला की लावून घेते, नंतर परत उघडते.

एक विचारायचं राहिलं. बोळाच्या तोंडाशी लावलेल्या जास्वंदीवर पांढरा मावा पडलाय. कडुनिंबाचं तेल एक लिटर पाण्याला किती घालायचं? साबण आधी मिसळायचा की नंतर? फोन करा, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.

तुमची,
चौथ्या मजल्यावरची कोलंबीवाली ताई